थांबण्याचा हिशेब

अमरावती आणि अकोला यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ आपल्या वऱ्हाडातील व्यापारी कुटुंबांना घरच्या अंगणाइतका परिचित आहे. सकाळी अकोल्याच्या दालमिलमध्ये हजेरी, दुपारी मूर्तिजापूरला कापसाचा सौदा आणि दिवेलागणीपूर्वी बडनेऱ्याहून अमरावतीत घरी, असा ज्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे, अशी कितीतरी घरे या अंकाच्या वाचकांत असतील. याच मार्गावर जून २०२२ मध्ये एक विक्रम घडला. ३ जूनच्या सकाळी काम सुरू झाले आणि ७ जूनच्या सायंकाळी संपले. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका अखंडपणे अंथरली गेली. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यापूर्वीचा विक्रम कतार देशाच्या नावावर होता आणि तो केवळ सव्वापंचवीस किलोमीटरचा होता. ज्या रस्त्यावर आमच्या पिढीने खड्डे मोजत प्रवास केला, तो रस्ता जगाच्या नकाशावर गेला, याचा मला वऱ्हाडी माणूस म्हणून अभिमान वाटला.

रस्ता गुळगुळीत झाला, आणि त्याच सुमारास आपल्या घरांतील गाड्याही बदलल्या. मी बँकेच्या सेवेत रुजू झालो, तेव्हा वाहनकर्जाचा प्रस्ताव म्हणजे बहुधा अ‍ॅम्बेसेडर नाहीतर प्रीमियर पद्मिनी. शंभरच्या वर काटा नेण्याचे धाडस त्या गाड्यांत नव्हते आणि त्यांच्या मालकांतही नव्हते. आज बाहेरून अगदी सोज्वळ, चार दारांची, आजीला मागच्या आसनावर आरामात बसवता येईल अशी गाडी दिसते, आणि तिच्या पोटात शर्यतीचे इंजिन दडलेले असते. उदाहरणादाखल सांगतो. बीएमडब्ल्यूची एम३४०आय ही सेडान आपल्याच देशात, चेन्नईजवळ जोडली जाते. तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन, ३७४ अश्वशक्ती, आणि जागेवरून शंभरचा वेग गाठायला साडेचार सेकंदांहूनही कमी वेळ. णमोकार मंत्राची पहिली ओळ शांतपणे उच्चारावी, तेवढ्यात गाडी शंभरवर पोहोचलेली असते.

याच वर्गातील एक जर्मन गाडी तीन वर्षांपूर्वी आमच्या अकोल्याच्या घरी आली. माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा तुरीच्या आणि डाळीच्या व्यवसायात आहे. कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, वडिलांच्या शब्दाबाहेर नाही. त्याची एकच आवड, आणि ती म्हणजे मोटारगाडी. गाडी घेतली ती स्वतःच्या कमाईतून, तेव्हा कोणी आडकाठी केली नाही. मात्र काही महिन्यांतच घरात एक नवा हिशेब सुरू झाला. अकोल्याहून अमरावतीला तो किती मिनिटांत पोहोचला, हे त्याचे मित्र आपसांत सांगू लागले. तासाचे पन्नास झाले, पन्नासाचे पंचेचाळीस. वहिनी प्रत्येक वेळी तो पोहोचल्याचा फोन येईपर्यंत देवघरात बसून राहत.

एका रात्री मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या दुभाजकातून एक रोही अचानक गाडीपुढे आला. आपल्या भागातील शेतकऱ्यांना रोह्यांचे कळप ठाऊक आहेत. रात्री ते एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना महामार्ग ओलांडतात, आणि प्रकाशाचा झोत डोळ्यांवर पडला की जागीच खिळून राहतात. पुतण्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली. त्या मुक्या जीवात आणि गाडीच्या नाकात, त्याच्याच शब्दांत सांगायचे तर, एका पोत्याचे अंतर उरले होते. त्या रात्री तो घरी आला आणि कोणाशी न बोलता झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी गाडीची किल्ली आपल्या कपाटात ठेवली आणि मला अमरावतीला फोन केला. "भाऊजी, तुमचे तो ऐकतो. एकदा या."

मी गेलो, तेव्हा पुतण्याने स्वतःच एक प्रस्ताव पुढे ठेवला. "काका, मला वेगाने चालवायचे आहे हे मी नाकारत नाही. पण मला ते या रस्त्यावर नको आहे. दिल्लीजवळ शर्यतीचा ट्रॅक आहे. तिथे हौशी लोकांसाठी दिवस ठेवतात. आपली गाडी आपण घेऊन जायची. शिकवणारे असतात. समोरून कोणी येत नाही, जनावर येत नाही. तुम्ही बाबांना समजवा."

बंधूंचे उत्तर तयारच होते. जी गोष्ट रस्त्यावर वाईट, ती कुंपणाच्या आत चांगली कशी होईल? वहिनींचा आक्षेप याहून खोल होता. त्या म्हणाल्या, "कुठे पोहोचायचे नाही, कोणाला भेटायचे नाही, माल न्यायचा नाही. गोल गोल फिरायचे आणि पेट्रोल जाळायचे. हा अनर्थदंडच की!" ज्या हिंसेला काही प्रयोजनच नाही, तिच्यापासून श्रावकाने दूर राहावे, ही शिकवण आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडते. त्या क्षणी या आक्षेपाला मजजवळ उत्तर नव्हते, आणि पूर्ण उत्तर आजही आहे असे मी म्हणणार नाही. तरीही मी विचारासाठी आठ दिवस मागून घेतले. कर्जाचा प्रस्ताव हाती आला की तो नाकारण्यापूर्वीही पूर्ण वाचायचा, ही सवय मला पस्तीस वर्षांच्या सेवेने लावली आहे.

त्या आठ दिवसांत जी माहिती मिळाली, ती वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. सामान्य माणसाने आपली गाडी शर्यतीच्या मार्गावर चालवावी, ही कल्पना नवी नाही. जर्मनीतील नुर्बुर्गरिंग हा सुमारे २१ किलोमीटरचा डोंगरातील मार्ग १९२७ साली सुरू झाला, आणि शर्यती नसतील त्या दिवशी पैसे भरून कोणालाही तेथे गाडी नेता येते. आपल्या देशात या छंदाचे माहेर म्हणजे तामिळनाडू. दुसऱ्या महायुद्धातील शोलावरमची धावपट्टी युद्धानंतर रिकामी पडली आणि मद्रासच्या हौशी मंडळींनी तेथे शर्यती भरवल्या. आपल्या अकोल्याजवळच्या शिवणीच्या धावपट्टीवर कोणी शर्यती भरवाव्यात, तसेच काहीसे ते होते. पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतःचा मार्ग बांधला. तो १९९० पासून चालू आहे. कोइम्बतूरला एस. करिवर्धन या उद्योजकाने स्वतः शर्यतीच्या गाड्या बनवून कित्येक तरुणांना या खेळात आणले. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले, आणि तेथील कारी मोटर स्पीडवे हा मार्ग त्यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्याला अंतराने जवळचा म्हणावा असा पिथमपूरचा नॅट्रॅक्स प्रकल्प इंदूरजवळ आहे, तेथे ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला, पण तो मुख्यतः वाहन कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे. पुतण्या ज्याविषयी बोलत होता, तो ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या.

यानंतर मी गाडीचा विमा उघडला. वाचकहो, आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गाडीची पॉलिसी शेवटपर्यंत वाचली आहे? 'वापराच्या मर्यादा' या मथळ्याखाली तेथे स्पष्ट लिहिलेले असते की भाड्याने देणे, संघटित शर्यत, वेगाची चाचणी, टिकाऊपणाची चाचणी इत्यादी उपयोगांना हा विमा लागू नाही. हौशी लोकांचा दिवस ही शर्यत नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. पण युक्तिवादाच्या भरवशावर कोणी शहाणा व्यापारी आपला माल उघड्यावर ठेवत नाही. मी पुतण्याला समोर बसवून सांगितले, "ट्रॅकच्या फाटकातून गाडी आत गेली की ती बिनविम्याची आहे असेच समज. पूर्ण गाडी गेली तर धंद्यातून एक रुपया न काढता तुला ते नुकसान सोसता येईल का? येत असेल तर पुढे बोलू." त्याने दोन दिवसांनी कागदावर आकडे मांडून आणले. प्रवेशशुल्क, पेट्रोल, टायर, ब्रेक पॅड, मुक्काम, आणि शेवटच्या ओळीत गाडीची पूर्ण किंमत. त्या शेवटच्या ओळीपुढे त्याने कोणतीही ठेव मोडणार हेही लिहिले होते. तो कागद पाहून बंधू काही बोलले नाहीत. आमच्या घरात त्याचा अर्थ संमती असा होतो. वहिनींनी एकच अट घातली, की काका सोबत जातील.

फेब्रुवारीत आम्ही निघालो. वरुड, मुलताई, बैतूल करीत भोपाळला पहिला मुक्काम, आग्र्याला दुसरा. आग्र्याला सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपावे म्हणून मी घाई करीत होतो, आणि पुतण्या मात्र सबंध हजार किलोमीटर मर्यादेच्या आत गाडी चालवीत होता. मी त्याबद्दल विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, टायर वाचवतोय." कारण काहीही असो, प्रवास सुखाचा झाला.

सर्किटविषयी मी वाचले होते तरी प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याचा विस्तार लक्षात आला. ५.१२५ किलोमीटर लांबी, सोळा वळणे, मध्ये चढउतार, आणि वळणांच्या बाहेर मोकळी सोडलेली भरपूर जागा. जर्मन वास्तुकार हेरमान टिल्के यांनी त्याची आखणी केली आहे. मला सर्वांत आश्चर्य वाटले ते त्या मोकळ्या जागेचे. माणूस चुकणार, हे गृहीत धरून येथे जमीन राखून ठेवली आहे. आपल्या महामार्गाच्या कडेला चुकणाऱ्यासाठी झाड असते, पुलाचा कठडा असतो, नाहीतर कोणाचे तरी चहाचे दुकान असते.

सकाळी सात वाजता गाड्यांची तपासणी झाली. टायर, चाकांचे नट, हेल्मेट, पट्टे पाहिले गेले. गाडीतील प्रत्येक सुटी वस्तू, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा, बाहेर काढायला लावली. ब्रेकच्या जोरात तीच बाटली पेडलखाली अडकली तर काय होईल, हे समजावून सांगितले. मग सर्वांना एका खोलीत बसवून झेंड्यांची भाषा शिकवली. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, ओलांडू नका. लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश परत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, तिला वाट द्या. ओलांडायचे ते फक्त ठरवून दिलेल्या सरळ भागात, आणि तेही पुढच्याने हाताने खूण केल्यावरच. वेळेची नोंद नव्याने येणाऱ्यांसाठी ठेवलीच नव्हती. कोण पहिला, कोण शेवटचा हा प्रश्नच त्यांनी काढून टाकला होता. खोलीत बसलेल्यांत गुजराती व्यापारी होते, दोन डॉक्टर होते, एक निवृत्त फौजी अधिकारी होते. वयाने मी सर्वांत मोठा, आणि हेल्मेट नसलेला एकमेव.

पहिल्या सत्रात पुतण्याच्या शेजारी प्रशिक्षक बसले. परत आल्यावर त्याचा चेहरा पाहून मला वाटले, काही बिघडले. तो म्हणाला, "काका, त्यांनी मला जोरात चालवूच दिले नाही. फक्त बघायला शिकवले." प्रत्येक वळणाआधी खुणेचे शंकू ठेवले होते. एक ब्रेक कोठे लावायचा ते सांगणारा, दुसरा गाडी कोठे वळवायची ते सांगणारा, तिसरा वळणाच्या आतील टोकाचा. नजर गाडीच्या नाकासमोर न ठेवता पुढच्या शंकूवर ठेवायची. ब्रेक सरळ रेषेत असतानाच लावून मोकळे व्हायचे. वळताना ब्रेक आणि वळण ही दोन्ही कामे एकाच वेळी टायरकडून मागायची नाहीत. चार टायर जमिनीला टेकतात, ते प्रत्येकी जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. चार तळहातांवर पावणेदोन टनांची गाडी आणि तिच्यातील माणसे अवलंबून आहेत, ही गोष्ट तीन वर्षे गाडी चालवून त्याला ठाऊक नव्हती. मला तर चाळीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती.

दुसरे सत्र बरे गेले. तिसऱ्या सत्रात प्रशिक्षक नव्हते. मी पिटच्या इमारतीतून पाहत होतो. समोरच्या सरळ मार्गावरून आमची गाडी दोनशेच्या जवळपास वेगाने गेली, आणि पहिल्या वळणावर इतर गाड्या जेथे वळत होत्या तेथे न वळता सरळ पुढे मोकळ्या जागेत निघून गेली. मला वाटले, वाट चुकला. काही क्षणांनी गाडी मोठा वळसा घेऊन मार्गावर परतली आणि अगदी हळू, बैलगाडीच्या चालीने, ती फेरी पूर्ण करून पिटमध्ये आली. पुतण्या खाली उतरला तेव्हा त्याचे हात कापत होते. "काका, ब्रेक दाबला आणि पाय खालीच गेला."

प्रशिक्षक आले. त्यांनी ताबडतोब पहिली गोष्ट सांगितली ती ही, की हँडब्रेक लावू नका, तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटतील. चाकाला अडण लावा. मग विचारले, ब्रेक ऑइल केव्हा बदलले होते? पुतण्याने अकोल्याला फोन केला. घरच्या वहीत गाडीच्या देखभालीची पाने आहेत. वहिनींनी पाहून सांगितले, दोन वर्षे होऊन गेली.

ही गोष्ट प्रत्येक वाहनमालकाने समजून घ्यावी, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. डीओटी ४ या प्रतीचे ऑइल नवे असताना २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, अशी अट असते. तेच ओलावा शोषून जुने झाले की ही अट १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला तर दाब पुढे पोहोचतो. वाफ दाबली तर ती नुसतीच आकसते. पेडल खाली जाते आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही.

आता उष्णता येते कोठून? वेगाची सारी शक्ती ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने उतरते, आणि ही शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर शक्ती चौपट. १,७५० किलो वजनाची गाडी शहरात साठच्या वेगावरून थांबवली, तर निर्माण होणारी उष्णता साधारण पाऊण लिटर पाण्याला उकळी आणेल, घरच्या चहापुरती. तीच गाडी दोनशेवरून ऐंशीवर आणली, तर सुमारे सात लिटर पाणी उकळेल. तेही अवघ्या काही सेकंदांत, आणि अडीच मिनिटांच्या एका फेरीत असे प्रसंग चार-पाच वेळा. म्हणूनच तेथे दर काही फेऱ्यांनी एक फेरी ब्रेक न लावता हळू मारायची असते, वाऱ्याने डिस्क थंड व्हाव्यात म्हणून. पुतण्याने ती फेरी गाळली होती.

हे ऐकताना मला माझी बँक आठवली. आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवले होते, की कर्ज देणे सोपे आहे, अक्कल लागते ती वसुलीला. अर्जदार किती मोठा, धंदा किती वाढता, तारण किती, हे सारे पाहावे. पण सर्वांआधी एक प्रश्न विचारावा, पैसा परत कसा आणि कोठून येणार? गाडी विकणारा आपल्याला अश्वशक्ती सांगतो, शंभर किती सेकंदांत ते सांगतो. घेतलेला वेग परत कसा करणार, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. वेग ही उचल आहे. तिची परतफेड ब्रेक, टायर, ऑइल आणि चालवणाऱ्याची नजर यांतून होते. यांपैकी एक जरी थकबाकीत गेले, तरी उचल बुडीत समजावी.

पुतण्याची उचल त्या दिवशी बुडाली, पण ती अशा ठिकाणी, जेथे बुडीत रकमेची तरतूद आधीच करून ठेवलेली होती. हेच मूर्तिजापूरच्या पुलाजवळ झाले असते, तर काय, हा विचार मी परतीच्या वाटेवर मोठ्याने केला नाही. त्याची गरज नव्हती. तो स्वतःच म्हणाला, "काका, त्या रात्री रोही समोर आला तेव्हाही ऑइल हेच होते."

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदवले गेले. एका मध्यम आकाराच्या शहराची वस्ती एका वर्षात नाहीशी व्हावी, तसे हे आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका महागड्या गाडीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी एक अल्पवयीन मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. न्यायालय त्याचा निवाडा करील. पण ती बातमी वाचताना आपल्यासारख्या घरांतील किती वडिलांनी आपल्या टेबलावरील किल्लीकडे पाहिले असेल! पैसा आला की गाडी येते. गाडीबरोबर शिक्षण मात्र आपोआप येत नाही. आपण मुलाला पेढीवर बसवताना दोन वर्षे मुनीमजींच्या हाताखाली ठेवतो. दोनशेच्या वेगाची गाडी देताना मात्र परवाना दाखवला की पुरे समजतो.

म्हणून प्रत्येकाने आपल्या मुलाला ट्रॅकवर पाठवावे, असे मी सांगत नाही. तो खर्चिक छंद आहे. त्यात गाडी झिजते, विमा नसतो, आणि वहिनींचा आक्षेप आजही उभाच आहे. त्या दिवशी जाळलेल्या पेट्रोलने कोणाचे कोणते काम झाले, हे मला सांगता येणार नाही. वहिनींना मी इतकेच म्हणालो, की आवड जर जाणारच नसेल, तर तिला हद्द आखून द्यावी. वर्षातून एक दिवस, कुंपणाच्या आत, दुसऱ्या कोणाचा जीव मध्ये न आणता. त्यावर त्या म्हणाल्या, "हद्द आखली हे बरे केले. पण मला आवडले असे म्हणू नका, भाऊजी." मी तसे म्हणत नाही.

अमरावती-अकोला मार्गापुरता एक हिशेब मात्र मी घरी कागदावर करून दाखवला, आणि तो सर्वांना उपयोगी पडेल. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. दुभाजक असलेल्या चौपदरी मार्गावर मोटारीला केंद्र सरकारने कमाल वेग ताशी १०० ठेवला आहे. या वेगाने एक तास लागतो. कोणी सबंध वाट १४० ने तोडली, आणि बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा येथे एकदाही पाय ब्रेकवर गेला नाही असे मानले, तरी ४३ मिनिटे लागतात. वाचली १७ मिनिटे. त्या १७ मिनिटांसाठी गाडीतील शक्ती जवळजवळ दुप्पट झालेली असते, म्हणजे थांबण्यासाठी लागणारी जागाही जवळजवळ दुप्पट. व्यापारी म्हणून विचार केला, तर इतक्या महाग दराने वेळ विकत घेणारा सौदा आपण बाजारात कधी केला नसता.

किल्ली पुतण्याला परत मिळाली आहे. घरच्या वहीत आता ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख लाल शाईने लिहिली जाते, टायरच्या हवेची नोंद होते, आणि ही पाने वहिनी स्वतः तपासतात. अमरावतीला किती मिनिटांत पोहोचला, ते तो सांगत नाही आणि कोणी विचारीतही नाही. मागल्या महिन्यात माझ्या घरी आला तेव्हा वाटेत कुरूमजवळ कापसाच्या ट्रॅक्टरमागे वीस मिनिटे अडकलो, असे अगदी सहज म्हणाला. येत्या हिवाळ्यात पुन्हा नोएडाला जायचा त्याचा बेत आहे. या खेपेस बंधूही येणार आहेत. झेंड्यांचे अर्थ त्यांनी आत्तापासूनच पाठ करायला घेतले आहेत.